समाधान मिळालं म्हणजे स्वार्थच का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

साने गुरुजींच्या अमळनेरच्या वर्षांवर लिहिलेल्या लेखाला 'एक वाचक' अशा सहीने प्रतिक्रिया आली आहे. म्हणणं असं: जगात निःस्वार्थ काहीच नसतं, छात्रालयातल्या मुलांचे कपडे धुताना गुरुजींनाही समाधान मिळतच होतं, म्हणजे तोही स्वार्थच, उपनिषदातले ऋषी याज्ञवल्क्य आणि जीवशास्त्र दोघेही हेच सांगतात. आणि वर, "खान्देशी भाबडेपणा सोडून जरा तर्काने लिहा."

भाऊ, शेवटाकडून सुरुवात करतो. भाबडेपणाला 'खान्देशी' कशासाठी जोडलंत? प्रताप शेठजींनी अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर १९१६ साली काढलं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीता सांगत होते आणि गुरुजी ती लिहून घेत होते. आम्ही बाहेर केळी पाठवतो. तर्क बाहेरून मागवत नाही. आणि असं बोलायचंच असेल तर स्वतःच्या नावाने बोलावं.

एक मान्य. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर नाव रंगवून घेणारा, भंडाऱ्याच्या फ्लेक्सवर हात जोडून उभा राहणारा दाता निःस्वार्थी नव्हे. पण त्यांच्याबद्दल मी लिहिलंच कुठे होतं?

आता ते समाधान. गुरुजींना ते मिळत असेलच, नाही कोण म्हणतं? पण का मिळत होतं? मुलं नीटनेटकी राहावीत असं आधी आतून वाटत होतं म्हणून. ज्याला मुलांचं काही पडलेलं नाही, त्याने दिवसभर कपडे बडवले तर हात दुखतील, समाधान कुठून येईल? म्हणजे दुसऱ्याबद्दलची कळकळ आधी आणि समाधान तिच्यामागून. गाडी चालली की धूळ उडते, म्हणून कुणी धूळ उडवायला बैल जुंपत नाही. फळ सोडणाऱ्याला उलट जास्तच मिळतं, असं विनोबाही त्या तुरुंगात सांगत होते. मिळतं म्हणून सोडणं खोटं ठरतं, असं काही ते म्हणाले नाहीत.

आणि समाधान नसेल तर? घरचं सांगतो. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी, बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याशी आप्पांचा दावा होता, बांध कोरल्याचा. बोलणं बंद, दिवाळीचा फराळ बंद. त्याला लकवा झाला तेव्हा पोरं सुरतला. आप्पा रोज सकाळी जायचे, त्याला उठवून बसवायचे, अंग पुसायचे, आईने दिलेली भाकर दुधात कुस्करून भरवायचे. आणि परत येताना शिव्या घालत यायचे. "मरस बी नही नि उठस बी नही!" ते तोंड मी पाहिलंय. त्यावर समाधान नव्हतं, वैताग होता. गावात कौतुकही नाही. उलट 'दाव्यासाठी गोड लावतोय' अशी कुजबुज. दावा दोन्हीकडून कुणीच मागे घेतला नाही. का जाता विचारलं तर म्हणायचे, "त्याले पानी कोन दी?"

आपण म्हणाल, न जाण्याची टोचणी टाळायला जायचे, म्हणून तोही स्वार्थ. छान. म्हणजे जाणारा स्वार्थी, न जाणाराही स्वार्थी. हसत करणारा स्वार्थी, चिडत करणाराही. मग नेमकं काय घडलं असतं म्हणजे आपण 'हा निःस्वार्थ' म्हणाला असता? तेवढं सांगा. काहीही घडलं तरी जे खोटं ठरू शकत नाही, त्याला आमच्याकडे तर्क म्हणत नाहीत, हेका म्हणतात.

बाकी जीवशास्त्राचं: हॅमिल्टन यांनी १९६४ साली मांडलं ते नात्यातल्या त्यागाचं गणित. आप्पांचं त्या शेजाऱ्याशी नातं फक्त कोर्टातलं. आणि जनुकाचा फायदा म्हणजे माणसाचा हेतू नव्हे. मानसशास्त्रच हवं असेल तर बॅटसन यांचे १९८१ चे प्रयोग वाचा: निघून जायची मोकळीक असतानाही, कळवळा आलेले बहुतेक जण दुसऱ्या बाईचे विजेचे झटके स्वतः घ्यायला तयार झाले.

आणि याज्ञवल्क्य. 'सगळं प्रिय वाटतं ते आत्म्यासाठी' हे ते आपल्या बायकोशी, मैत्रेयीशी बोलले तेव्हा मालमत्ता वाटून देऊन घर सोडायला निघाले होते. स्वार्थाची वकिली करायला ही साक्ष कशी काय निवडलीत, आपणच जाणे.

खुशाल पुन्हा लिहा. फक्त या वेळी आधी लेख शेवटपर्यंत वाचा. मागच्या खेपेला दुसऱ्या परिच्छेदापुढे गेलेले दिसत नाही.