‘माती काय, कशीही भरा’: फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

रेडीचे लोहखनिज आणि दापोलीकडचे बॉक्साइट बोटीने जाते, त्यावरून एक मजकूर फिरतो आहे: माती (म्हणजे हीच खनिजे) हा सगळ्यात निर्धोक माल. जड असल्याने बोट स्थिर राहते, ओली असली तर फार तर वजन वाढते, वरून कोरडी दिसली की भरायला हरकत नाही, आणि आपल्याकडे कधी काही झालेले नाही.

‘जड, म्हणून स्थिर.’ अर्धेच खरे. लोहखनिजाने होल्ड, म्हणजे बोटीच्या पोटातली मालाची जागा, भरायच्या आतच बोट भाररेषेपर्यंत (बोट किती बुडू द्यायची त्या खुणेपर्यंत) बसते, वजन तळाशी राहते. अशी बोट झटक्याने सरळ होते, आणि तो झटका मालालाही बसतो.

‘ओली झाली तर वजन वाढते, एवढेच.’ घोटाळा इथे आहे. १०,००० टन मालात १० टक्के ओलावा म्हणजे १,००० टन पाणी, तेही नजरेला न दिसणारे, कणांमधल्या पोकळीतले. इंजिनाची थरथर आणि लाटांचे हेलकावे यांनी कण दाबले जातात, पोकळी आकसते, पाण्याला वाट मिळत नाही. दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि घट्ट दिसणारा ढीग चिखलासारखा वाहतो. बोट कलते तिकडे तो सरकतो, परतताना मात्र पुरता मागे येत नाही. हेलकाव्यागणिक कल वाढत जातो. बॉक्साइटची तऱ्हा निराळी: त्यात बारीक कणांसकट पाणी वर येते आणि रबडी डुचमळत राहते. मलेशियातून बॉक्साइट घेऊन निघालेली बल्क ज्युपिटर जानेवारी २०१५ मध्ये व्हिएतनामजवळ बुडाली. १९ खलाशांपैकी एकच वाचला.

‘आपल्याकडे कधी झाले नाही.’ जुलै २००९ मध्ये एशियन फॉरेस्ट ही बोट मंगळूरजवळ बुडाली, सप्टेंबरात ब्लॅक रोज पारादीपला. दोन्हींत लोहखनिजाची भुकटी, दोन्ही वेळा पावसाळा.

‘वरून कोरडी आहे ना!’ ढिगाचा माथा उन्हाने सुकतो, पाणी खाली उतरते. म्हणून नमुने आतून, अनेक जागांहून घ्यायचे. माल ज्या ओलाव्याला वाहू लागतो त्याच्या ९० टक्के ही साधारण मर्यादा; ओलाव्याची तपासणी भरण्याआधीच्या ७ दिवसांतली हवी. बोटीवर डबा आपटून पाहतात: अर्धा ते एक लिटरचा डबा निम्मा भरायचा, सुमारे २० सेंटिमीटरवरून कठीण जागी जोरात २५ वेळा आपटायचा, दोन आपटींत एक-दोन सेकंद. पाणी सुटले किंवा लगदा झाला तर भरणे थांबवायचे. काहीच दिसले नाही म्हणून माल पास होत नाही; ही चाचणी नाकारण्यापुरतीच. आणि तपासणीनंतर उघड्या बार्जवर (माल बोटीपर्यंत नेणाऱ्या सपाट होडीवर) एक सर जरी पडली, तरी हातातला ओलाव्याचा दाखला बाद. ओलावा पुन्हा मोजायचा.