‘खरे संकट पाहिलेले दिसत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

माणसे ईश्वरावर विश्वास का ठेवतात, या विषयावरील माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रदीर्घ प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. तीत पाच-सहा मुद्दे आहेत आणि त्यांतील बहुतेकांना थोडक्यात उत्तर देता येण्यासारखे आहे. परंतु एक वाक्य असे आहे की ते ओलांडून पुढे जाणे मला जमले नाही. तुम्ही लिहिले आहे, ‘लोक भीतीपोटी देव मानतात असे सांगणाऱ्या लेखकमहाशयांनी आयुष्यात खरे संकट पाहिलेले दिसत नाही, आरामखुर्चीत बसून दुसऱ्याच्या श्रद्धेची चिरफाड करायला काही लागत नाही.’ मतभेदाचे मला वावडे नाही, कडक शब्दांचेही नाही. पण या वाक्यात मतभेद कोठे आहे? माझ्या एकाही विधानाचे त्यात खंडन नाही. आहे ते माझ्या आयुष्याविषयीचे एक अनुमान, आणि ते तुम्ही मला न ओळखता, न विचारता, जणू साक्षीपुरावा हाती असल्याच्या थाटात मांडले आहे. ‘लेखकमहाशय’ हे संबोधन मी सोडून देतो. आदर दाखवायचा नसेल तर साधे ‘तुम्ही’ पुरते.

मूळ लेखात मी काय म्हटले होते ते आधी सांगतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेवरून त्याची कोणालाही कल्पना येणार नाही. माझे म्हणणे असे होते की ईश्वरश्रद्धा कशी निर्माण होते हे समजून घेण्यासाठी ईश्वराचे अस्तित्व गृहीत धरावे लागत नाही; मानवी मनाच्या काही सार्वत्रिक प्रवृत्ती त्यासाठी पुरेशा आहेत. घडणाऱ्या गोष्टींमागे कोणाचा तरी हेतू पाहणे ही त्यांतील पहिली. फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थिनींना एक छोटी चित्रफीत दाखवली होती. पडद्यावर दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दारासारखी उघडझाप होणारी बाजू असलेला एक आयत, यांपलीकडे काही नव्हते. काय दिसले ते लिहिण्यास सांगितल्यावर ३४ जणींपैकी केवळ एकीने भौमितिक आकृत्यांच्या हालचालींचे वर्णन केले. बाकीच्यांना तेथे सजीव दिसले, बहुतेकींना तर माणसेच: दांडगाई करणारा मोठा त्रिकोण, त्याला तोंड देणारा लहान त्रिकोण, भेदरून पळणारे वर्तुळ. दुसरी प्रवृत्ती प्रयोजन शोधण्याची. टोकदार खडक टोकदार का असतात, असे विचारून पर्याय पुढे ठेवले असता लहान मुले झिजण्याचे किंवा थर साचण्याचे कारण निवडण्याऐवजी ‘प्राण्यांना अंग खाजवता यावे म्हणून’ यासारखे कारण पसंत करतात, असे मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांच्या संशोधनात आढळले आहे. तिसरी गोष्ट अनिश्चिततेची आणि तिच्यातून येणाऱ्या भीतीची. एवढी एकच गोष्ट तुम्ही उचललीत, आणि तीही अर्धीच.

अर्धीच म्हणण्याचे कारण असे की मी ‘लोक भित्रे असतात’ असे कोठेही लिहिले नव्हते. मी मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांचे निरीक्षण दिले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून त्यांनी पाहिले की तेथील लोक खाजणाच्या शांत, भरवशाच्या पाण्यात मासे पकडताना कोणताही मंत्रतंत्र करीत नसत. खुल्या समुद्रात, जेथे जिवाचा धोका होता आणि मासळी मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती, तेथे मात्र विधींचा मोठा पसारा होता. ही तीच माणसे होती. होडी कशी बांधावी आणि वारा कसा ओळखावा हे त्यांना उत्तम ठाऊक होते, आणि हे ज्ञान व तो विधी यांची ती गल्लत करीत नसत. कौशल्य जेथे संपते आणि परिणाम मात्र जिवावरचा असतो, तेथे मन आणखी कोणाचा तरी आधार शोधते, एवढेच त्यातून सांगायचे होते. यात कोणाचा अपमान आहे, ते मला प्रतिक्रिया पुन्हा वाचूनही कळले नाही.

आता संकटाविषयी. तसा हा खुलासा करण्याची माझ्यावर कोणतीही जबाबदारी नाही. मी अत्यंत सुखात वाढलो असतो तरी त्या विद्यार्थिनींनी पाहिलेले त्रिकोण त्रिकोणच राहिले असते. पण माझ्या अनुभवावर तुम्ही बोट ठेवलेच आहे, तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ अपघातानंतर अतिदक्षता विभागात होता आणि डॉक्टरांनी आम्हाला कसलेही आश्वासन देण्यास नकार दिला होता. रात्री आत सोडत नसत. बाहेरच्या बाकावर बसून दोन पाखांच्या दाराकडे पाहत राहायचे, एवढेच हाती होते. त्या दाराला खांद्याच्या उंचीवर एक अरुंद काच होती आणि आतून कोणी येऊ लागले की आधी तिच्यावर सावली पडे. केव्हा ते आठवत नाही, पण मी मनाशी ठरवून टाकले होते की दाराचे उजवे पाखे उघडले तर बातमी चांगली आणि डावे उघडले तर वाईट. मला हे कोणी शिकवले नव्हते. उजव्या पाख्याचा आणि भावाच्या मेंदूवरील सुजेचा काही संबंध नाही हे मला तेव्हाही पूर्ण कळत होते, आणि तरीही डावे पाखे हलले की माझ्या पोटात गोळा येत असे. त्याहीपुढे जाऊन सांगतो: मी सौदे करीत होतो. हा वाचला तर मी अमुक करीन, तमुक सोडीन, अशी वाक्ये मनात आपोआप तयार होत होती, आणि ती कोणाला तरी उद्देशून होती. ज्याच्या अस्तित्वावर माझा त्या दिवशीही विश्वास नव्हता आणि आजही नाही, अशा कोणाला तरी.

म्हणून, महोदय, भीतीविषयी मी लिहितो ते पुस्तकातून उचलून नव्हे. ऐकणारा कोणीतरी आहे, ही जाणीव रिकाम्या जागेत कशी उभी राहते ते मी आतून पाहिले आहे. ती जाणीव अत्यंत खरी वाटते. समोरच्या माणसाच्या असण्याइतकी खरी वाटते. आणि ती ज्याचा विश्वास आहे त्याला येते तशीच ज्याचा नाही त्यालाही येते. यावरूनच मी म्हणतो की ती मनाच्या घडणीची साक्ष आहे, ऐकणाऱ्याच्या अस्तित्वाची नव्हे.

माझा भाऊ वाचला. आप्तांनी ‘देवाने वाचवले’ असे म्हटले आणि मी कोणाशीही वाद घातला नाही, कारण ती वेळ वादाची नव्हती. पण त्याच बाकावर आमच्याशेजारी एक वयस्कर बाई बसत असत; त्यांचा मुलगा आत होता. त्या हातांची बोटे एकमेकांत गच्च अडकवून ओठांतल्या ओठांत सतत पुटपुटत असत, इतक्या की पहाटेपर्यंत ओठ सुकून पांढरे पडलेले दिसत. त्यांचा मुलगा गेला. त्यांची श्रद्धा माझ्या आप्तांपेक्षा तसूभरही कमी नव्हती, आणि माझ्यापेक्षा तर ती कितीतरी पटींनी खरी होती. आमच्या घरची हकीकत आज कोणालाही श्रद्धेचा दाखला म्हणून सांगितली जाते. त्या बाईंची कोणी सांगत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लेखक सिसेरोने मेलोसच्या डायागोरस या ग्रीक नास्तिकाची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. वादळातून वाचलेल्या प्रवाशांनी कृतज्ञतेने अर्पण केलेली चित्रे दाखवून मित्राने त्याला विचारले की देवांना माणसांची पर्वा आहे, हे आता तरी पटते का. त्यावर डायागोरसने विचारले की जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत. तुम्ही ज्या ‘अनुभवा’च्या जोरावर मला गप्प करू पाहता, तो अनुभव असा निवडून घेतलेला असतो. बुडालेल्यांना प्रतिक्रिया लिहिता येत नाही.

शिवाय संकट सोसलेल्यांची साक्ष एकाच बाजूने पडते, हेही खरे नाही. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे भूकंप झाला, त्यानंतर सिबली आणि बुल्बुलिया यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की देशात इतरत्र धार्मिकता ओसरत असताना भूकंपाची प्रत्यक्ष झळ बसलेल्यांमध्ये ती वाढली. भीतीविषयीच्या माझ्या म्हणण्याला याहून जवळचा आधार कोणता असू शकेल? परंतु त्याच लोकांत श्रद्धा गमावलेलेही होते. लिस्बनचा भूकंप १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भाविकांनी भरलेली असताना झाला. त्याच्याकडे बोट दाखवून कोणी ईश्वरी कोपाची प्रवचने दिली, तर व्हॉल्टेअरसारख्या फ्रेंच विचारवंतांनी त्याच घटनेवरून दयाळू विधात्याच्या कल्पनेलाच प्रश्न विचारले. मग कोणाचे दुःख तुम्ही ग्राह्य धरणार? श्रद्धेकडे वळला त्याचे संकट खरे आणि श्रद्धेपासून दूर गेला त्याचे खोटे, असा हा न्याय असेल तर तो मला मान्य नाही. आणि स्पष्ट सांगायचे तर तो क्रूर आहे.

तुमचा एक आक्षेप मी मान्य करतो. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या १९४८ च्या प्रयोगाचा मी उल्लेख केला होता, ज्यात कबूतर काहीही करो वा न करो, ठरावीक वेळाने दाणे दिले जात, आणि तरीही आठपैकी सहा कबुतरांनी गिरक्या घेणे, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोके खुपसणे यांसारख्या निरर्थक कृती लावून धरल्या होत्या. ‘माणूस म्हणजे कबूतर नव्हे’ हे तुमचे म्हणणे रास्त आहे. स्टॅडन आणि सिमलहॅग यांनी १९७१ साली तो प्रयोग पुन्हा तपासून दाखवले की त्या कृतींपैकी बऱ्याचशा अन्नाची वाट पाहणाऱ्या पक्ष्याच्या स्वाभाविक हालचाली म्हणूनही समजावता येतात. तेव्हा ते उदाहरण वगळा. लेखाचा डोलारा त्यावर उभा नव्हता.

उरलेल्या मुद्द्यांसाठी फार जागा खर्च करावी असे मला वाटत नाही. ‘अब्जावधी लोक चुकीचे कसे असतील?’ याला उत्तर एवढेच की ते अब्जावधी लोक परस्परविरोधी गोष्टी मानतात, तेव्हा त्यांतील बहुसंख्य चुकीचे असणे अटळच आहे. ‘न्यूटनही आस्तिक होता’. होता, आणि ग्रहांच्या कक्षांतील विस्कळीतपणा साचत जाऊन ती व्यवस्था कधीतरी दुरुस्त करावी लागेल असे त्याने लिहिले होते. गुरू आणि शनी यांच्या गतीतील ज्या विसंगतीने खगोलशास्त्रज्ञांना छळले होते, ती गुरुत्वाकर्षणाच्याच नियमातून निघते आणि ठरावीक काळाने उलटते, हे पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने गणिताने दाखवून दिले; त्यासाठी देवाचा हात लागला नाही. ‘ही सगळी पाश्चात्त्यांची उसनी बुद्धी’ हे विधान करण्यापूर्वी मीमांसक कुमारिल भट्टांनी आपल्या श्लोकवार्त्तिक या ग्रंथात जगत्कर्त्याच्या कल्पनेवर घेतलेले आक्षेप वाचायला हवे होते. वेदांचा एवढा कट्टर कैवारी असूनही त्यांना निर्मात्याची गरज भासली नाही. ‘श्रद्धेचे कारण सांगितल्याने श्रद्धा खोटी ठरत नाही’ हे तर मी नाकारलेच नव्हते, तेव्हा त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

‘प्रार्थनेचे सामर्थ्य वैद्यकशास्त्रानेही मानले आहे’ हे वाक्य मात्र तसेच सोडता येणार नाही, कारण रुग्णालयाबाहेर बसलेला एखादा माणूस ते वाचून त्यावर विसंबेल. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १८०२ रुग्ण होते. प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांपैकी प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के आणि न झालेल्या गटात ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, म्हणजे फरक पडलाच नाही. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना खात्रीने सांगितले होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण ५९ टक्के निघाले. यावरून प्रार्थना घातक असते असे मी म्हणणार नाही. ‘माझ्यासाठी प्रार्थना करावी लागते आहे’ या जाणिवेने रुग्ण धास्तावले असावेत, अशी शक्यता संशोधकांनीही मांडली होती. पण तुम्ही सांगता ते सामर्थ्य या आकड्यांत नाही. प्रार्थना करणाऱ्याला धीर येतो, हे मी मूळ लेखातच लिहिले होते, आणि त्या बाईंना तो येत होता हे मी स्वतः पाहिले आहे. धीर येणे आणि हाक पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढाच माझा आग्रह आहे.

तुमच्या स्वतःच्या आयुष्यात असे काही घडले असेल की ज्यामुळे माझे लिहिणे तुम्हाला बोचले, तर ते लिहा. मी ते आदराने वाचेन. परंतु मी काय सोसले आणि काय नाही हे तुम्ही ठरवू नका. आणि लिहायला बसाल तेव्हा या एका प्रश्नाकडे कृपया पाठ फिरवू नका: अपघातग्रस्त भावाच्या दाराशी बसलेल्या, देव न मानणाऱ्या माणसाच्या मनातही जर ‘कोणीतरी ऐकते आहे’ ही जाणीव तितक्याच जोराने उभी राहत असेल, तर तुमच्या मनातील तीच जाणीव मात्र कोणाच्या तरी खऱ्या अस्तित्वामुळे आली आहे, हे तुम्ही कशावरून ओळखता?