कंपनी कोनती म्हनली?

माझा भाचा पुण्याला आयटीत आहे. मागच्या वर्षी त्याच्या कंपनीनं आपला एक विभाग वेगळा काढून त्याची नवी कंपनी केली, आणि भाचा त्या विभागात निघाला. नाव लिहीत नाही, पोराची नोकरी आहे. स्पेलिंग वाचून उच्चार करता येत नाही आणि उच्चार ऐकून स्पेलिंग लिहिता येत नाही, एवढंच सांगतो. नाव जाहीर झालं त्या दिवशी त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धिंगाणा. कोणी म्हणे खोकल्याचं औषध, कोणी म्हणे नवीन तणनाशक आलं बाजारात.

अशी थट्टा जगभर होते. आयबीएमनं २०२१ मध्ये जवळपास ९० हजार माणसांचा विभाग वेगळा काढून त्याला ‘किंड्रिल’ नाव दिलं, तेव्हाही लोकांनी त्याची भरपूर टर उडवली. २००२ मध्ये हिशेब तपासणाऱ्या पीडब्ल्यूसी या बड्या फर्मनं आपल्या सल्लागार शाखेचं नाव चक्क ‘मंडे’ ठेवायचं ठरवलं होतं. सोमवार! काही महिन्यांतच आयबीएमनं ती शाखा विकत घेतली आणि सोमवार उगवायच्या आधीच मावळला.

हसणं ठीक आहे. पण असल्या नावांच्या बातम्या लिहिणारे याला आवडीनिवडीचा प्रश्न समजतात, तिथे माझं जमत नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-पुलगावकडच्या घरांत कंपनीचं नाव हा पगाराचा भाग असतो.

पटत नसेल तर हे ऐका. तीन वर्षांआधी भाच्याला एका लहान कंपनीत चांगले पैसे मिळत होते. घरात विचार झाला आणि सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं, मीही त्यात होतो. कारण एकच, ‘इथलं नाव मोठं आहे, लग्न होईपर्यंत राहू दे.’ म्हणजे त्या नावासाठी पोरानं दर महिन्याला स्वतःच्या खिशातून पैसे मोजले. आणि एका सकाळी मेल आला की ते नाव आता तुमचं नाही.

शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळणं आमच्याकडे किती अवघड झालं आहे ते वेगळं सांगायला नको. नोकरीवाला असला तरी पहिला प्रश्न ‘कोठी हाये?’ आणि दुसरा ‘कंपनी कोनती?’ या दुसऱ्या प्रश्नावर माझी ताई पूर्वी अर्ध्या सेकंदात उत्तर द्यायची आणि समोरचा मान डोलवायचा. आता तिनं पोराकडून उच्चार दोनदा घोकून घेतला, तरी पाहुण्यांसमोर ऐन वेळी जीभ अडकलीच. शेवटी म्हणाली, “पुण्याले कम्प्युटरमंधी हाये.” मुलीचे वडील जरा वेळ गप्प राहिले, मग मला बाजूला घेऊन विचारलं, “अगोदर त्या मोठ्या कंपनीत होता ना जी पोरगा? काहाडलं का त्याले?”

काढलं नाही हो, कंपनीच वेगळी निघाली. पण हे चहा थंड व्हायच्या आत समजावून दाखवा बरं कोणी!

आमच्याकडे नवीन कंपन्या झाल्याच नाहीत असं नाही. १९६० चं वीज मंडळ ६ जून २००५ ला वाटलं गेलं. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारसची केंद्रं महानिर्मितीत, मोठ्या लाईनी महापारेषणात, गावातली डीपी आणि लाईनमन महावितरणात. नावं सरळ होती, तरी त्या वर्षी सोयरिकीत ‘बोर्ड होतं ते कंपनी झालं म्हन्तात, म्हनजे प्रायव्हेट का जी?’ हा प्रश्न यायचाच. मालकी सरकारचीच होती, तरी ‘कंपनी’ ऐकलं की माणूस बिचकायचा. माझे काका लाईनमन होते. त्यांनी यावर साधा उपाय काढला, रिटायर होईपर्यंत ‘बोर्डात हावो’ म्हणत राहिले. गावही अजून बोर्डच म्हणते. कोणी हरकत घ्यायला जुनं मंडळ शिल्लकच नव्हतं.

भाच्याला ही सोय नाही. जुनी कंपनी जिवंत आहे, त्याच रस्त्यावर तिची इमारत आहे, आणि तिचं नाव सांगितलं तर ते खोटं ठरते.

दोन भाऊ वेगळे निघाले तर वावर वाटतात, बैल वाटतात, विहिरीच्या पाळ्या लावतात, पण धाकट्याला कोणी आडनाव बदलायला सांगत नाही. बजाज ऑटोचं २००७-०८ मध्ये विभाजन झालं तेव्हा गाड्यांचा धंदा एकीकडे आणि फायनान्स-विमा दुसरीकडे गेला, पण ‘बजाज’ दोघांकडे राहिलं. वर्ध्यात, जमनालालजींच्या गावात, कोणत्या बजाजमध्ये आहे हे पुढे विचारत बसायची गरजच कोणाला पडत नाही.

कोणी म्हणेल, कर्मचाऱ्यांनाच नाव सुचवायला सांगा. खाद्यपदार्थांच्या क्राफ्ट कंपनीनं २०१२ मध्ये तेच केलं. दोन कर्मचाऱ्यांच्या सूचना जोडून तिच्या स्नॅक्सच्या कंपनीचं नाव ‘मोंडेलीज’ झालं, आणि त्याचीही थट्टा व्हायची ती झालीच. कॅडबरी त्यांचीच आहे, पण आमच्या किराणा दुकानात मोंडेलीज मागून पाहा. तेव्हा सूचना-पेटीवर माझा भरवसा नाही.

मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. विभाजनाची योजना कंपनी कायद्याखाली एनसीएलटीसमोर, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणासमोर, जाते. नोकरीत खंड पडणार नाही, आधीपेक्षा वाईट अटी लावणार नाही, जुनी वर्षं ग्रॅच्युइटीला धरू, असं त्यात साधारणपणे लिहिलेलं असते. चांगलंच आहे. पण ज्या नावापायी पोरानं जास्तीचा पगार सोडला, त्याची भरपाई कुठल्या कलमात आहे? उलट भाच्याच्या कंपनीनं सांगितलं की सहा महिन्यांनंतर सहीत, कार्डावर, लिंक्डइनवर जुन्या नावाचा उल्लेख नको.

निदान पाच वर्षं ‘पूर्वीची अमुक’ असं लिहू द्या. पगाराच्या स्लिपवर लिहू द्या, बँकेच्या साहेबालाही तेच वाचायचं असते. यात कंपनीचा एक रुपया जात नाही. नाव शोधणाऱ्या एजन्सीचं बिल भरता येते तर एवढं जमायला हरकत नसावी. ओळखीत कोणी एचआरवाले असतील तर पोस्ट त्यांच्यापर्यंत पोहोचवा.

आणि भाचा २९ वर्षांचा आहे, निर्व्यसनी आहे, पाच एकर ओलीत आहे. बायोडाटा इनबॉक्समध्ये पाठवतो. कंपनीचं नाव वाचता नाही आलं तर मला फोन करा, ताईला करू नका.