‘मान डोलावून मान दुखली’ या अभिप्रायाला आमच्या सोलापूरच्या आहार सल्ला केंद्राचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय मंगळवारी वाचला आणि आज शनिवारी उत्तर देतेय. मंगळवारी रात्रीच एक उत्तर लिहून ठेवलं होतं, सकाळी वाचलं तेव्हा ते भांडण वाटलं, म्हणून खोडलं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं. पहिल्या भेटीत मॅडम पाऊण तास बोलत होत्या, ‘मान डोलावून मान दुखली’. पुढच्या प्रत्येक भेटीत आधी वजनकाटा, मग ‘चार्ट पाळला का?’, मग नवा चार्ट. त्यात ओट्स आणि ब्रोकोली. आईला दाखवला तर ती हसली. एकादशीला काय खाऊ विचारलं तर ‘उपवास करूच नका’ म्हणाल्या. चौथ्या भेटीत जांभई आली तेव्हा मॅडमचंही लक्ष घड्याळाकडे होतं. पाचवीनंतर गेलो नाही, कुणी विचारलंही नाही. उरलेले पैसे मागितले तर काउंटरवर ‘पॉलिसी नाही’. आणि शेवटी, मित्राने दुसरीकडे महिन्यात ८ किलो उतरवले.

तुमच्या फाइलमधलं काहीही मी इथे लिहिणार नाही. रिपोर्ट, वजन, गोळ्या हा तुमचा खासगी मामला आहे. तुम्ही स्वतः जे उघड लिहिलंय, तेवढ्यावरच बोलते.

घोळ पहिल्याच भेटीत झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांच्या आहारासाठी १७ मार्गदर्शक सूचना काढल्या. काम उत्तम आहे, मला त्याचं फार कौतुक आहे, आणि त्या कौतुकाच्या भरात मी तुम्हाला सतराच्या सतरा ऐकवल्या. गरोदरपणातल्या आहाराची सूचनासुद्धा. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं हीसुद्धा. दिवसभर कापडाच्या दुकानात उभं राहून आलेल्या गृहस्थाला! तुम्ही मान डोलावत होतात आणि मला वाटत होतं, काय छान ऐकतायत.

तुम्ही दुकानदार आहात, म्हणून तुम्हाला हे मी सांगायची गरज नाही. जे गिऱ्हाईक प्रत्येक ठाणाला ‘छान आहे, छान आहे’ म्हणतं, ते काही घेत नाही. जे म्हणतं, ‘हा रंग धुतल्यावर जाईल का, मीटरमागे थोडं कमी करा की,’ ते घेतं. तुम्ही पाच भेटींत माझ्याशी एकदाही घासाघीस केली नाहीत. मी तिथेच थांबायला हवं होतं.

आमच्या धंद्यातली एक जुनी खोड आहे. समोरच्याचं काही चुकतंय असं दिसलं की जीभ शिवशिवते, लगेच दुरुस्त करावंसं वाटतं. ‘रात्री उशिरा जेवतो’ म्हटलं की आम्ही ‘आठच्या आत जेवा’ म्हणून मोकळे. अहो, दुकान नऊला बंद होतं तर माणूस आठला जेवणार कसा? विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दारू सोडू पाहणाऱ्या लोकांच्या समुपदेशनावर लिहिताना नेमकं याच वादावर बोट ठेवलं होतं: सल्लागार बदलाच्या बाजूने जितका जोर लावतो, तितका समोरचा माणूस न बदलण्याची कारणं शोधत बसतो. म्हणून बदलाची कारणं समोरच्याच्याच तोंडून येऊ द्यायची, ही त्यांची पद्धत (इंग्रजीत ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’). पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी ती वाढवली आणि आज मधुमेहापासून वजनापर्यंत सगळीकडे ती शिकवतात. मीही शिकले आहे, प्रमाणपत्र भिंतीवर आहे. तुम्ही त्याच्या खालीच बसला होतात.

त्यातली एक साधी गोष्ट आता पहिल्याच भेटीत करते. ‘रात्रीचा भात निम्मा करणं दहापैकी किती जमेल?’ समजा समोरून आलं, ‘चार.’ पूर्वी मी विचारायचे, ‘चारच का? आठ का नाही?’ की झालं सुरू: वेळ नाही, घरचे ऐकत नाहीत, भाताशिवाय झोप येत नाही. आता विचारते, ‘चार का म्हणालात, दोन का नाही?’ मग माणूस स्वतःच सांगतो की सोमवार-मंगळवार जमू शकतं, त्या दिवशी घरी भाकरीच असते. माझ्या तोंडून हेच वाक्य आलं असतं तर ते चार्टमध्ये गेलं असतं. त्याच्या तोंडून आलं की ते घरी जातं.

चार्टबद्दल तुमच्या आई हसल्या, त्यांचं बरोबर आहे. चार्ट तुमच्या हातात आणि पळी त्यांच्या हातात, आणि मी पाच भेटींत त्यांना एकदाही बोलावलं नाही. ओट्स-ब्रोकोलीचा तो कागद आमचा छापील नमुना होता. ज्या घरात कडक भाकरी आणि शेंगा चटणी रोज ताटात असते, त्या घरात तो कागद देणं म्हणजे पाट्या टाकणं. तो नमुना आता काढून टाकला आहे.

शेंगा चटणीबद्दल दोन शब्द लिहितेच, कारण सोलापुरात दहातले आठ जण ‘चटणी बंद करू का?’ असं घाबरत विचारतात. (हा दहात आठ माझा अंदाज आहे, संशोधन नव्हे.) बंद कशाला करायची? शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास तेलही असतं, म्हणून प्रश्न फक्त चमच्याचा. घरातला चमचा केवढा, तो सपाट भरतो की शिगोशीग, आणि वरून आणखी तेल ओततो का, एवढंच बघायचं. याउलट ‘रोज वाटीभर वरण खातो, प्रथिनं भरपूर’ अशी समजूत जिथे तिथे भेटते. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, पण घरच्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ जाते २०-२५ ग्रॅम. म्हणजे हाती लागतात पाचेक ग्रॅम. हे मी पूर्वी तक्त्यावरून वाचून दाखवायचे. आता टेबलावर डाळीचा डबा, छोटा काटा आणि वाट्या ठेवल्या आहेत. लोक स्वतः डाळ मोजतात आणि मग काट्याकडे बघून ‘एवढीच?’ म्हणतात. त्या भेटीत जांभई येत नाही.

आता येताना घरची वाटीही आणायला सांगते, त्याचं कारणही तेच. कुणाची वाटी लग्नातल्या भांड्यांतली, छोटी. कुणाची वाटी म्हणजे जवळजवळ वाडगा. ‘एक वाटी भात’ लिहून देणारी मी आणि तो खाणारे तुम्ही, दोघं दोन वेगळ्या भांड्यांबद्दल बोलत असू तर काट्याने तरी काय करावं?

एकादशीचं मात्र मला खरंच लागलं. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे बसून मी ‘उपवास करूच नका’ म्हणाले. तुम्ही प्रश्न विचारलात, पाच भेटींत विचारलेला बहुधा तो एकमेव प्रश्न, आणि मी दार लावून घेतलं. उत्तर असं द्यायला हवं होतं: तुमच्याकडे उपवासाला काय काय होतं? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच. खिचडी दिवसातून दोनदा होत असेल तर एका वेळेला भगर आणि दाण्याची आमटी करता येईल का? सोबत दही, ताक? राजगिरा घरात चालतो का? ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी उपवासाआधी आपल्या डॉक्टरांना विचारायलाच हवं, कारण पोट रिकामं आणि गोळी तीच असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. पण तो निर्णय ‘बंद करा’ एवढ्या दोन शब्दांत उरकायचा नसतो.

वजनकाटा आता दाराशी नाही. आत आल्या आल्या काट्यावर उभं करणं म्हणजे शाळेत वर्गाबाहेर उभं करून निकाल वाचण्यासारखं झालं होतं. अंगातलं पाणी, आदल्या रात्रीचं खारट, पोट साफ झालं की नाही, एवढ्यावर किलोभर इकडेतिकडे होतं. पंधरा दिवस नीट वागलेला माणूस काट्यावर अर्धा किलो जास्त भरला की पुढचं काहीच ऐकत नाही. आधी बोलणं, मग कुणाला हवं असेल तर काटा. कंबरेचं माप मी जास्त मानते. आपल्याकडच्या पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत कंबर ठेवायला सांगतात.

आता जिथे माझं तुमच्याशी पटत नाही ते.

तुम्ही लिहिलंय, ‘दर वेळी काहीतरी नवीन हवं होतं.’ ते मी देऊ शकत नाही, आणि दिलंही नाही पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या भेटीत नवीन असं फारसं काही नसतंच. काल काय खाल्लं, कुठे अडलं, रविवारी काय झालं, पुढच्या आठवड्यात लग्न आहे का. तेच ते. माझी चूक ही की मी ते उलटतपासणीसारखं विचारलं. ‘चार्ट पाळला का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा खोटं ‘हो’ येतं. पण कंटाळा घालवायला दर आठवड्याला नवा डाएट काढणं, पुड्या, पेयं, बक्षिसं, हे मी करणार नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यासाठी लोक पैसे देतात. माझ्याकडे पाळणा नाही.

आणि मित्राचे ते ८ किलो. त्यांच्या तब्येतीला माझ्या शुभेच्छा आहेत. पण मी महिन्याला दोन ते चार किलोच्या पुढचा शब्द कुणालाच देत नाही. वजन झपाट्याने उतरलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. तुम्हाला माझी भेट कंटाळवाणी वाटली हे मान्य, पण ८ किलोचं आश्वासन दिलं नाही म्हणून कापलेला तारा मी मनाने परत लावून घेतला आहे.

घड्याळाचं. हो, बघत होते. बाहेर दोघं बसले होते, कारण मी अर्ध्या अर्ध्या तासाच्या भेटी एकाला एक चिकटवून ठेवल्या होत्या. आता मधे पंधरा मिनिटं मोकळी असतात आणि घड्याळ माझ्या नाही, येणाऱ्याच्या पाठीमागे लावलं आहे. हसू नका, मला वेळ कळायला हवाच, तुम्हाला माझी मान वळलेली दिसायला नको.

पाचव्या भेटीनंतर कुणी विचारलं नाही, याला माझ्याकडे बचाव नाही. तुमचा अभिप्राय वाचून वर्षभराचं रजिस्टर काढलं. चौथ्या-पाचव्या भेटीला गळालेले तुम्ही एकटे नाही. आम्ही त्यांच्या नावापुढे ‘आले नाहीत’ लिहिलं आणि पान उलटलं. आता दोन दिवसांत फोन जातो, आणि तो रिसेप्शनवरून नाही, मी स्वतः करते. ‘का आला नाहीत?’ विचारत नाही. ‘माझं काय चुकलं?’ विचारते. आतापर्यंत तिघांशी बोलले. एक बाई म्हणाल्या, ‘तुम्ही रागवाल म्हणून आले नाही, आंबे खाल्ले होते.’ ते ऐकून बराच वेळ गप्प बसले.

पैशांचं सांगते. ‘पॉलिसी नाही’ हे काउंटरवरच्या मुलीने म्हटलं, पण तिला ते मीच शिकवलं होतं, तिच्यावर राग नको. न झालेल्या भेटींचे पैसे परत देतोय, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, सोमवारी. त्यासाठी हा अभिप्राय काढायची किंवा तारे वाढवायची काहीही अट नाही. तो राहू द्या, नव्याने येणाऱ्यांनी वाचलेला बरा.

परत यायचं ठरवलंत तर पहिली भेट माझ्याकडून, दुकान बंद झाल्यावरची वेळ ठेवते. आईंना घेऊन या, आणि येताना त्यांची वरणाची वाटी आणि चटणीचा चमचा आणा. चार्ट मी आधी लिहून ठेवणार नाही. आई जे बोलतील त्यातून काय लिहायचं ते तिघं मिळून ठरवू, आणि त्या हसल्या तर तो कागद तिथेच फाडू.

आहारतज्ज्ञ आणि केंद्रचालक
(गुरुवारी केंद्र बंद असतं.)