सक्तीची मिलिटरी आणि तीन आठवड्यांचा शिपाई

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी तो मेसेज फिरतो: प्रत्येक पोराला दोन वर्षं मिलिटरीत टाका, आपोआप सरळ होतील, स्वित्झर्लंडमध्ये आहेच की! मग सगळे माझ्या उत्तराची वाट बघतात, कारण आम्ही झुरिकजवळच्या बाडेनला राहतो आणि आमचा मुलगा स्विस पायदळात शिपाई आहे. म्हणजे वर्षातले तीन आठवडे आहे. उरलेलं वर्ष तो एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो.

इथलं नागरिकत्व घेतलं की मुलग्यांना लष्करी सेवाही लागू होते. सलग दोन वर्षं वगैरे काही नसतं. आधी १८ आठवड्यांचं प्रशिक्षण, मग सहा वर्षं दरवर्षी १९ दिवसांची उजळणी. सगळे मिळून २४५ दिवस भरले की साधा शिपाई मोकळा. उजळणीला सगळे 'वेका' म्हणतात. 'तो वेकाला गेलाय' हे ऑफिसात 'तो डेंटिस्टकडे गेलाय' इतक्याच थंडपणे सांगतात.

मुलगा सरळ झाला का? ज्या दिवशी हेरिसाउच्या बराकीतून पहिल्यांदा घरी आला त्या दिवशी मळक्या कपड्यांची पिशवी दारात टाकून सोफ्यावर बुटांसकट झोपला. तेव्हापासून त्याच्या खोलीत काही फरक पडलेला नाही. तो जे शिकला ते वेगळं आहे. पायदळातला निम्मा वेळ वाट बघण्यात जातो: ट्रकची, दारूगोळ्याची, पहाऱ्यावर बदली यायची. मग अचानक पाठीवर सगळं बिऱ्हाड घेऊन चढावर पळायचं. जेवायला खिमा, मॅकरोनी आणि वर सफरचंदाचा गर. (त्याची आई अजून यावर विश्वास ठेवत नाही.) तंबूत शेजारी एक इलेक्ट्रिशियन, एक बँकेतला, एक कोसोवोच्या कुटुंबातला, एक श्रीलंकेतल्या तमिळ आईबापांचा.

आणि दर वेकाचं रडगाणं तेच. पहिला आठवडा गेल्या वर्षीचं विसरलेलं आठवण्यात जातो, दुसऱ्यात जरा हात बसतो, तिसऱ्यात सामान धुऊन-पुसून परत करायची घाई. रात्री तंबूतून ऑफिसच्या मेलला उत्तरं द्यायची ती वेगळीच. अर्धवेळ शिपाई खरा कसा असतो, तर हा असा. तो वाईट नसतो, पण गंजलेला असतो आणि ते त्यालाही माहीत असतं.

घरी रायफल ठेवायची प्रथा आहे, गोळ्या मात्र २००७ पासून घरी देत नाहीत. आमच्या हिने ती कपाटात ठेवायला साफ नकार दिला. २०१० पासून कारण न देता ती शस्त्रागारात मोफत ठेवता येते, म्हणून तिथे गेली. हा बाऊ नव्हे. २००३ च्या सुधारणेत सैन्य जवळजवळ निम्मं झालं, घराघरातल्या बंदुका कमी झाल्या, त्यानंतर तरुण पुरुषांच्या आत्महत्याही घटल्याचं इथल्याच संशोधकांनी दाखवलंय. आपल्या ग्रुपवरच्या मेसेजात हा भाग नसतो.

त्यात आणखी एक गोष्ट नसते, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. माझ्या पगारपत्रकावर दरमहा 'ईओ'ची, म्हणजे सेवेवरच्या शिपायाचा बुडालेला पगार भरून देणाऱ्या निधीची, कपात असते: पाव टक्का माझा, पाव टक्का मालकाचा. युद्धाच्या काळात, १९४० मध्ये, सीमेवर गेलेल्या शिपायांची घरं चालावीत म्हणून ही योजना सुरू झाली. आजही वेकाला गेलेल्या नोकरदाराच्या पगाराचा ८० टक्के भाग ठरावीक मर्यादेपर्यंत या निधीतून येतो. २००५ पासून बाळंतपणाच्या रजेचा भत्ताही त्यातूनच मिळतो. मी गणवेश कधी घातला नाही, नागरिक नव्हतो तेव्हाही ही कपात होत होती. शिवाय सेवेच्या काळात नोकरीवरून काढता येत नाही, आणि सेवा ११ दिवसांहून मोठी असेल तर आधी आणि नंतर चार-चार आठवडेही नाही. ज्याची सेवा होत नाही त्याला करपात्र उत्पन्नाच्या तीन टक्के कर भरावा लागतो. हे सैन्य शिस्तीच्या प्रेमावर टिकलेलं नाही, असल्या कंटाळवाण्या कलमांवर टिकलंय.

इथेही सगळं गोडीगुलाबीचं नाही. सक्ती फक्त पुरुषांना, डॉक्टरी दाखल्याच्या वाटेने निसटणारे पुष्कळ. 'जनतेचं सैन्य जनतेवर उलटत नाही' हेही खरं नाही. ९ नोव्हेंबर १९३२ ला जिनिव्हात नवशिक्या रंगरुटांनीच निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, १३ माणसं गेली. १९८९ च्या सार्वमतात सैन्यच बरखास्त करा म्हणणाऱ्यांना ३५ टक्क्यांहून जास्त मतं पडली. २०१३ मध्ये सक्ती रद्द करण्याचा प्रस्ताव मात्र ७३ टक्क्यांनी फेटाळला. म्हणजे लोकांना विचारलं गेलं, आणि ज्यांची पोरं जाणार तेच मत देत होते.

आता आपल्याकडे बघा. सक्तीचा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांची पोरं पुण्यात किंवा न्यू जर्सीत असतात. साताऱ्या-कोल्हापूरच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी पळणाऱ्यांना सक्ती करायची गरजच नाही. त्यांना हवी आहे पूर्ण नोकरी, पेन्शनसकट. २०२२ च्या अग्निपथ योजनेवरचा राग त्यातूनच आला: चार वर्षं सेवा, पुढे जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. २०२३ मध्ये सियाचिनवर ड्यूटीवर असताना गेलेला अग्निवीर बुलढाणा जिल्ह्यातला होता. तिथे वर्षाला तीन आठवडे येणारा शिपाई चालणार नाही. स्वित्झर्लंडला १८४७ नंतर युद्ध लढावं लागलेलं नाही, हे तुलना करताना विसरून कसं चालेल?

आपल्याकडेही अर्धवेळ सैन्य आहे. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टीए. कोल्हापुरात तिची मराठा बटालियन आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार दिले, ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ साठी, तेव्हा बहुतेकांना फक्त धोनीचं मानद लेफ्टनंट कर्नलपद आठवलं. मुळात टीए पोटापाण्याचा दुसरा उद्योग असलेल्यांसाठी. पण तिच्या भरतीलाही कोल्हापूर-बेळगावात हजारो पोरं लोटतात, कारण दुसरा उद्योगच नसतो. अर्धवेळ शिपायाला आधी पूर्णवेळ नोकरी लागते, या साध्या गोष्टीपाशी आपली गाडी अडते.

माझ्या दाजींचा भोसरीला छोटा कारखाना आहे आणि ते सक्तीचे खंदे समर्थक. मी फोनवर विचारलं, तुमचा ऑपरेटर दरवर्षी तीन आठवडे सोडाल? "डिस्पॅचच्या वेळी? मशीन काय तू येऊन चालवणार?" म्हटलं, त्याच्या पगारातले ८० टक्के तुम्हाला परत मिळतील. "आणि ते पैसे कोण भरणार?" तुम्ही आणि कामगार, निम्मे-निम्मे, दर महिन्याला, कारखान्यात एकही शिपाई नसला तरी.

दाजी जरा थांबले. मग म्हणाले, "त्यापेक्षा ती पहाटे पळणारी पोरं आहेत ना, त्यांनाच घ्या की."