छातीवर दडपण आलं तर डोळे मिटून बसू नका

'शरीर बोलतंय, डॉक्टरकडे धावू नका' असा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. एरवी मी असलं काही उघडूनही बघत नाही, पण मावशीचा फोन आला. तिला बीपी आहे, शुगर आहे, आणि ती म्हणाली, "अगं जिना चढताना छातीवर दडपण येतं ना मला, ते टेन्शनचं असतं म्हणे, आता मी रोज ध्यानाला बसतेय." हे ऐकून माझं डोकंच फिरलं, म्हणून हे लिहितेय.

फॉरवर्डमधले दावे असे: छातीत दडपण, धडधड, धाप, घाम म्हणजे साठलेला ताण, वीस मिनिटं शांत बसून त्या संवेदनेकडे बघितलं की विरून जातो. प्रत्येक भावनेची शरीरात जागा ठरलेली असते, शास्त्रज्ञांनी तिचे रंगीत फोटो काढलेत. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, स्नायूंत साठून राहतं, ध्यानाने ते निघून जातं. आणि एकवीस दिवसांनंतर बीपीची गोळी लागत नाही, हवं तर इगतपुरीच्या विपश्यना ध्यान केंद्रात जाऊन आलेल्यांना विचारा.

आधी छातीचं बघू, कारण बाकी सगळं चुकलं तरी माणूस जगेल, इथे चुकलं तर नाही. चढताना, चालताना छातीवर दडपण येणं आणि थांबलं की कमी होणं हे अंजायनाचं अगदी नेहमीचं लक्षण आहे. म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी अरुंद झालीय आणि काम वाढलं की रक्त पुरत नाही. आता नीट लक्ष द्या, माणूस बसला की हृदयावरचा भार आपोआप कमी होतो आणि दडपण जातं! ध्यान केलं नसतं, नुसतं सोफ्यावर बसून टीव्ही बघितला असता तरी गेलं असतं. पण श्रेय ध्यानाला मिळतं, माणसाची खात्री पटते, तो आणखी चार जणांना सांगतो, आणि नळी होती तशीच अरुंद राहते. हा उपाय 'लागू पडतो' म्हणूनच तो जास्त धोक्याचा आहे.

आणि बसूनही दडपण गेलं नाही, किंवा काही न करता अचानक आलं, तर तो हार्ट अटॅक असू शकतो. त्यात हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो, तिथे वीस मिनिटं संवेदना बघत बसायला सांगतात? त्यात डायबेटिस असलेल्यांना आणि बऱ्याच बायकांना छातीत कळ येतेच असं नाही, नुसती धाप लागते, घाम फुटतो, मळमळतं, जबडा नाहीतर पाठ दुखते. फॉरवर्डने टेन्शनची म्हणून जी यादी दिलीय ती जवळजवळ हीच आहे. अशा वेळी १०८ ला फोन करायचा, बाकी सगळं नंतर.

पॅनिक अटॅकमध्येही हेच सगळं होतं, मान्य. थायरॉइड वाढलं, रक्त कमी असलं तरी धडधडतं. दारावरची बेल वाजली तर कोणीतरी आलंय एवढं कळतं, कोण ते दार उघडल्याशिवाय कळत नाही, आणि इथे दार उघडणं म्हणजे ईसीजी आणि रक्ताची तपासणी.

एक गोष्ट खरी आहे, तीही सांगते. ताण शरीरात आधी दिसतो. दात आवळलेले असतात, खांदे वर चढलेले, पोटात गोळा, श्वास वरच्या वर. हे वेळेवर लक्षात आलं तर भांडण वाढायच्या आत थांबता येतं, झोपही सुधारते. फॉरवर्डमधलं तेवढं बरोबर आहे.

ते रंगीत फोटो मात्र फोटो नाहीतच. २०१४ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी सुमारे ७०० लोकांना शरीराची कोरी आकृती देऊन, राग आला की कुठे जास्त जाणवतं, भीती वाटली की कुठे, ते रंगवायला सांगितलं, त्याची ती सरासरी आहे. लोकांना काय जाणवतं ते त्यातून कळतं, आजार कळत नाही. कॉर्टिसॉलचं तर सोडाच, ते रक्तात फिरणारं हार्मोन आहे, यकृत त्याची विल्हेवाट लावतं, ते खांद्यात दबा धरून बसत नाही.

राहिली गोळी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये ध्यानावरचा सगळा अभ्यास तपासून सांगितलं की फायदा होऊ शकतो, पण नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, त्यांच्या जागी नाही. आणि इगतपुरीचं नाव घेता तर तिथलं नीट सांगा. तिथली विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी ब्रह्मदेशात असताना मायग्रेनने हैराण होऊन विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा नुसतं डोकं बरं करायला येत असशील तर नको, असंच त्यांना आधी ऐकावं लागलं. आजही विपश्यना केंद्राच्या अर्जात आजार आणि चालू औषधं विचारतात, आणि हे वैद्यकीय उपचारांऐवजी करायचं नाही असं ते स्वतःच सांगतात.

मावशीला सांगितलंय, ध्यान कर, पण आधी कार्डिओलॉजिस्टकडे जाऊ आणि तोवर एकही गोळी चुकवायची नाही. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर जाऊन छातीचा आणि गोळीचा मुद्दा चुकीचा आहे एवढं तरी आजच लिहा.