रंगाच्या रकान्यात काय लिहावं?

लग्नाच्या पोरीचा बायोडाटा करायला निघाला असाल तर आधी कॅलेंडर पाहून या. मुहूर्ताचं नंतर पाहू. सुंदर कशाला म्हणायचं हे दर दोन-चार वर्षांनी बदलतं, आणि मागच्या सालचा बायोडाटा घेऊन फिरणाऱ्यांची पोरगी मागंच राहते.

हे मी फुकटात सांगतो आहे, एरवी पन्नास रुपये घेतो. तालुक्याच्या बस स्टँडासमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, डीटीपी, पासपोर्ट फोटो, पीक विम्याचे अर्ज, आणि तुळशीचं लग्न लागलं की बायोडाटे. बावीस वर्षं झाली. इतक्या पोरींचे रंग मी टाइप केलेत की रंगारी म्हणून माझी नोंद व्हायला हरकत नाही.

रकाना तसा छोटासा. उंची आणि रक्तगटाच्या मधे ‘वर्ण’ असतो. त्यात चार शब्द चालतात: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. पाचवा शब्द बावीस वर्षांत एकदाही टाइप करायला लागला नाही. माझा कॉम्प्युटर उद्या कोणी तपासला तर यवतमाळ जिल्ह्यात काळी पोरगी जन्मतच नाही असा अहवाल जाईल. सावळाही येतो तो बहुतेक मुलांच्या बायोडाट्यात. पोरींमध्ये सगळ्यात खपतो निमगोरा. हा शब्द ज्यानं कोणी काढला त्याला माझा दंडवत. गोरी लिहिलं तर पाहुणे खोटं धरतात, गव्हाळ लिहिलं तर पुढचा बायोडाटा मागतात. निमगोरी म्हणजे अर्धी गोरी. उरलेली अर्धी कोणती, ते आजवर एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही. तेव्हा शंका आली की निमगोरा लिहून मोकळं व्हा.

मात्र हा नियम पोरीपुरता. पोराचं वावर पाहायला जाल तेव्हा डोळे उलटे लावून जायचं. तिथं काळंभोरच पाहिजे. बरड, पांढुरकी जमीन निघाली की चहा पिऊन उठायचं. काळी माती ओल धरून ठेवते, कापूस तिच्यातच होतो, हे वऱ्हाडात शाळेत न गेलेल्यालाही कळतं. परवा एक पाहुणे दुकानात बसून सांगत होते, “वावर असं काळं हाये भाऊ, नुसतं पाहूनच पोट भरते.” आणि त्याच दमात पोराच्या बायोडाट्यात अपेक्षा टाइप करायला लावली: मुलगी गोरी व सडपातळ असावी.

हा ‘सडपातळ’ आपल्याकडं उशिरा आला. माझ्या आजीला पाहायला आले तेव्हा पोरगी अंगानं भरलेली पाहिजे होती. खात्यापित्या घरची आहे की नाही ते दंडावरून ठरायचं. होणाऱ्या आजेसासूनं तिला डोक्यावर गवताचा भारा देऊन अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून पाहिलं होतं. आज त्याला रॅम्पवॉक म्हणतात, फक्त भारा नसतो. पुढं १९९४ साली सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली, ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली. २००० साली लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा यांनी पुन्हा तेच दोन्ही मुकुट आणले. बाजार १९९१ सालीच उघडला होता, कंपन्यांना गिऱ्हाईक पाहिजे होतं, ते थेट आमच्या तालुक्यापर्यंत सापडलं. बस स्टँडामागं पहिलं ब्युटी पार्लर निघालं आणि बघता बघता भरलेले दंड उपवर पोरींच्या दुर्गुणांत जमा झाले. आजी तेव्हा हयात होती. टीव्हीवरची पोरगी पाहून म्हणाली, “व माय, हिले घरी जेवाले देत नाहीत काय?”

गोरेपणाचा धंदा त्याच्याही आधीचा. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली. पंचेचाळीस वर्षं तिनं नेटानं या देशाला गोरं केलं, तरी देश काही गोरा होईना. मग २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसानं मारलं, जगभर लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याचा जाब शेवटी आमच्या किराणा दुकानातल्या पुडीला द्यावा लागला. जुलैमध्ये ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. बदल मोठा होता, किराणावाल्याला कळला. गिऱ्हाइकाला कळला नाही. बाया आजही “फेरलौलीची पुडी द्या” म्हणतात आणि तो ग्लोची पुडी देतो. दोघांचंही समाधान होतं.

त्याच सालच्या जूनमध्ये लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या वेबसाइटनं रंगानुसार स्थळं निवडायची सोय काढून टाकली. हे वाचून मलाही उमाळा आला. मी माझ्या फॉरमॅटमधला वर्णाचा रकाना उडवला. तिसऱ्या दिवशी एक माउली बायोडाटा परत घेऊन आली.

“भाऊ, रंग लिवला नाही तुमी?”

म्हटलं, आता नाही लिहीत, काकू. पोरीला कमीपणा येतो.

“लिवला नाही तं लोकायले वाटन काळीच असन. तुमी लिवा निमगोरी.”

लिहिलं. धंदा आहे. माझं सामाजिक परिवर्तन अडीच दिवस टिकलं, आणि ते मागं घ्यायचे मी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत, एवढं पुण्य माझ्या नावावर मांडा.

आता यंदाच्या फॅशनकडं वळू. यंदा आहे तशीच छान दिसायचं आहे. मोबाइल उघडला की कोणी ना कोणी पोरगी सांगते, आपल्या शरीरावर प्रेम करा. जाड असाल तर जाडीवर, डाग असतील तर डागांवर. याला बॉडी पॉझिटिव्हिटी म्हणतात. ही गोष्टही जुनीच. साबण विकणारी डव्ह २००४ सालापासून ‘खरं सौंदर्य’ दाखवते आहे. साध्या बाया, सुरकुत्या, पांढरे केस, सगळं प्रेमानं. आता डव्ह आणि ती गोरं करणारी क्रीम एकाच युनिलिव्हरच्या घरातल्या. थोरली म्हणते तू काळी आहेस, धाकटी म्हणते अगं तू आहेस तशीच गोड. पैसे एकाच गल्ल्यात. माझ्या दुकानात रंग लिहायचे पन्नास आणि खोडायचे पन्नास, अशी सोय अजून मला जमलेली नाही.

तरीपण तुम्हाला आहे तसं छान दिसायचंच असेल तर काही अटी समजून घ्या. जाडी पाहिजे, पण कमरेत नको. सावळेपणा पाहिजे, पण त्याच्यावर तकाकी पाहिजे, उन्हानं रापलेला चालत नाही. पाठीमागं भिंत साधी पाहिजे, सारवलेली असेल तर तिला आता ‘रस्टिक’ म्हणतात, ती चालते, मात्र तिच्यापुढं तुम्ही सारवताना दिसू नये. आणि आत्मविश्वास पाहिजे. तो शहरात चेहऱ्यावर दिसतो, गावात त्यालाच ‘पोट्टी लय चावरी हाये’ म्हणतात. एकच रील, पुण्यात टाकली तर धाडस आणि आमच्या गावात टाकली तर संध्याकाळी काका काठी घेऊन दारात.

आणि घाई करा, कारण ही फॅशनही सरत आली आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो नावाचं इंजेक्शन भारतात आलं. मधुमेहावरही चालतं आणि वजनही उतरवतं. कालपर्यंत जाडीवर प्रेम करा म्हणणारे परदेशी चेहरे हळूहळू बारीक होऊन कॅमेऱ्यासमोर येऊ लागलेत. आपल्याला त्याची गरज नाही म्हणा. आपल्याकडं वजन उतरवायला जुलैपासून निंदण आहे, ऑक्टोबरपासून कापूस वेचणी.

वेचणीवरून आठवलं. रीलमधल्या डॉक्टरीणबाई सांगतात, उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा. बरोबरच आहे. इथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, दिवाळीनंतरही दुपार चटका देते. हिशोब करून पाहा. कापूस वेचायचे किलोमागं दहाएक रुपये भेटतात. चांगल्यापैकी एक ट्यूब पाचशेची. म्हणजे एका ट्यूबला पन्नास किलो कापूस, आणि तो वेचायला पुन्हा उन्हातच जायचं आहे. त्यापेक्षा आमच्या बाया करतात ते बरं: नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा, कमरेला ओटी. फक्त डोळे उघडे. या अवतारात तिच्यात आणि शेजारणीत गोरी कोण, सडपातळ कोण, हे ओळखून दाखवणाऱ्याला मी बायोडाटा फुकट करून देईन.

आता सगळ्यात स्वस्त उपाय. यासाठी पुडी नको, पार्लर नको. पोरगी एकाच वेळी उजळही दिसते आणि बारीकही. सोपं आहे: घरच्या पुरुषांचं झाल्यावर जेवायचं, उरलं ते जेवायचं, पाळी दोन दिवस जास्त चालली तरी कोणाला सांगायचं नाही, आणि आशाताईनं रक्तवाढीसाठी दिलेल्या लाल गोळ्या डब्यात जपून ठेवायच्या, कारण त्यानं मळमळतं. काही महिन्यांत चेहरा कसा पांढुरका पडतो, डोळ्यांखाली नाजूक सावली येते, जिना चढताना धाप लागते. पाहुणे म्हणतात, पोरगी उजळ आहे, शांत आहे. शांत असणारच, बोलायला रक्त लागतं. हा उपाय किती लोकप्रिय आहे ते सरकारनं मोजलं आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच्या आधीच्या पाहणीत ४८ टक्के होतं. एवढा खप फेरलौलीलाही भेटला नसेल. आणि बायोडाट्यात पाहा, वर्णाच्या खालीच रक्तगट असतो. ओ पॉझिटिव्ह. गट सगळे लिहितात, किती आहे ते लिहायला रकानाच नाही.

इतका धीर नसेल तर दुसरा एक झटपट मार्ग आहे. आठवडी बाजारात किंवा कोणाच्या ओळखीनं एक डबी भेटते. तिच्यावर कंपनीचा पत्ता नसतो, आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, फरक मात्र आठ दिवसांत दिसतो. घ्या. त्यात पारा असला तर तो कातडीचा रंग बनू देत नाही, म्हणून फरक. पुढं तोच पारा किडनीपर्यंत पोचतो. २०२३ साली अकोल्याची बातमी आली होती, एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या बिघडल्या, मुंबईच्या केईएम दवाखान्यापर्यंत तपास गेला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा नको असेल तर स्टेरॉइडचं मलम आहे, खाजेचं म्हणून मेडिकलमध्ये भेटतं. चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नसतं. ते लावलं की चेहरा गोरा, सोडलं की लाल, पुन्हा लावलं की पुन्हा गोरा, असं करता करता कातडी कागदासारखी होते आणि गालावर मिशा फुटतात. तोवर लग्न जुळलं असलं म्हणजे झालं.

मुलांच्या बापांनो, तुम्ही इथवर वाचलंत, पण तुमच्यासाठी सांगण्यासारखं फार नाही. पुरुषांची गोरं करणारी क्रीम २००५ सालीच आली, लावायची तर लावा. पण मुलगा तलाठी असला की त्याचा वर्ण मी काय टाइप केला हे कोणी वाचतच नाही. शिक्षक असला तर टक्कल माफ. अडचण शेतीवाल्याची. पाच एकर कोरडवाहू, वय पस्तीस, तीन वर्षांपासून दर तुळशीच्या लग्नाला तोच बायोडाटा घेऊन येतो, वय तेवढं बदलून नेतो. कोणी पोरगी द्यायला तयार नाही. मागच्या खेपेला म्हटलं, गड्या, अपेक्षा जरा कमी कर. तो विचारात पडला. मग म्हणाला, “सडपातळ काढून टाका. गोरी राहू द्या.”

राहता राहिला फोटो. तो माझ्यावर सोडा. आधी फक्त उजेड वाढवायचो, आता मोबाइलमध्येच अॅप आहे, नाक सरळ, हनुवटी टोकदार, मान लांब. पाहुणे पोरगी पाहायला येतात तेव्हा चहा आणणारीला तिची मोठी बहीण समजतात, एवढाच त्रास. फ्रान्समध्ये २०१७ पासून नियम आहे, जाहिरातीत मॉडेलचं अंग बारीक-जाड करून दाखवलं तर फोटो दुरुस्त केलेला आहे असं लिहावं लागतं. तो आपल्याकडं लागू झाला तर मला वेगळा शिक्का बनवून घ्यावा लागेल आणि शाई ठोकमध्ये आणावी लागेल.

परवा मात्र गोंधळ झाला. पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी आईला घेऊन आली. पहाटे चार वाजता डांबरी रोडवर आठशे मीटर पळते म्हणून सगळ्या गावाला माहीत आहे. खांदे चांगले रुंद, चार किलोचा गोळा फेकून फेकून दंड माझ्या आजीसारखे. अर्जासाठी पासपोर्ट फोटो पाहिजे होते. काढला, कॉम्प्युटरवर घेतला, आणि सवयीनं हात उजेडावर गेला.

“काका, गोरी नका करू मले,” ती स्क्रीनकडं पाहत म्हणाली. “हॉल तिकिटावरून ओळखलं नाही तं मैदानातूनच हाकलतीन.”

मी मागं घेतलं. जशी होती तशी आली. आठ फोटो छापले, कापले, पाकिटात घातले. पोरगी पाकीट घेऊन झेरॉक्सच्या रांगेत गेली, तशी आई टेबलाजवळ सरकली. तिकडं एकदा वळून पाहिलं, आवाज खाली घेतला.

“भाऊ, तो आंदीचा उजळ केलेला पुसला तं नाही न? त्याची एक कॉपी काढून द्या. जरासक अजून उजळ करा.”